तांबडी का हिरवी? लेकीचं ग्लुटेन, सासूबाईंचा श्रावण आणि न्यू मेक्सिको

आधी अडचणी सांगते म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. लेकीला सिलिॲक हा आजार आहे, म्हणजे गहू, बार्ली, राय (गव्हासारखंच एक धान्य) यांत असतं ते ग्लुटेन नावाचं प्रथिन अजिबात चालत नाही, आणि त्यात "थोडंसं चालेल" असा प्रकार नसतो, पोळीचा चुरा पडलेल्या ताटातला भात पण बाद. सासूबाई साताऱ्याहून आल्यात आणि त्यांचा श्रावण चालू आहे, त्यात यंदा, २०२३ ला, अधिक श्रावण आल्यामुळे तो संपता संपत नाहीये, त्यामुळे मटण-चिकन-अंडी तर सोडाच पण डुकराच्या चरबीत परतलेले बीन्स पण नकोत. नवरा सगळं खातो पण भूक लागली की त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. अशी ही वरात घेऊन आम्ही लेबर डेच्या (सप्टेंबरातला पहिला सोमवार, इथे सुट्टी) वीकेंडला निघालो ॲरिझोनातून न्यू मेक्सिकोला, आणि ते पण खास खायला. मैत्रिणी म्हणाल्या वेडी आहेस का, सिलिॲकवाल्या पोरीला घेऊन कोणी खायच्या ट्रिपला जातं का.

जातं की. आणि या भागात तर जावंच, कारण इथलं जेवण म्हणजे मका, बीन्स, भोपळा आणि मिरची. गहू नंतर स्पॅनिश लोकांबरोबर आला. त्यामुळे इथे ग्लुटेन-फ्री ब्रेड आणि ग्लुटेन-फ्री पिझ्झा असलं नकली काही शोधत बसावं लागत नाही, जे आहे तेच खायचं, फक्त ते कशात तळलंय आणि कशाने दाट केलंय एवढं विचारत राहायचं. हे विचारणंच मोठं काम आहे म्हणा, पण ते पुढे येईलच.

बुधवार रात्र, सामान

आमचा बिडाचा तवा, कालथा, दोन पळ्या, चाळणी आणि इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा कुकर. हॉटेल बुक करताना किचनवाली रूम घेतो, पण तिथली भांडी वापरत नाही कारण तिथल्या चाळणीत कोणीतरी पास्ता गाळलेला असतो आणि लाकडी चमच्याच्या भेगांत काय अडकलंय ते देवालाच माहीत. टोस्टरकडे तर बघायचं पण नाही. ज्वारीचं पीठ घेतलं ते पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं, ज्वारीत ग्लुटेन नसतंच पण गिरणीत त्याच जात्यावर आधी गहू दळला असेल तर काय उपयोग. इकडे पाकिटावर ते दोन शब्द छापायचे तर एफडीएच्या, म्हणजे इथल्या सरकारी अन्न-औषध खात्याच्या, २०१३ च्या नियमाप्रमाणे ग्लुटेन २० पीपीएमच्या (दहा लाखांत वीस भागांच्या) खाली लागतं, म्हणून आम्ही त्या दोन शब्दांना देवासारखं मानतो.

सासूबाईंनी भाजणीचा डबा पिशवीत घातला.

"आई, भाजणीत गहू आहे ना?"

"अगं मूठभर असतो."

"मूठभर पण नाही चालत हो तिला."

"मग नुसती नावाला भाजणी का? तिथे काय खायचं पोरीने?" असं म्हणून डबा परत फडताळात गेला. त्यांची हिंगाची डबी पण मी काढली. हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, डबीतला बांधानी हिंग हा नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे वरणाच्या फोडणीतून रोज पोटात जातो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, मी तोच आणते.

गुरुवार, टूसॉन

आमच्या चॅण्डलरहून दोन तास पण लागत नाहीत. टूसॉनला युनेस्कोने २०१५ मध्ये सिटी ऑफ गॅस्ट्रोनॉमी, म्हणजे खाद्यसंस्कृतीचं शहर केलं, अमेरिकेतलं पहिलं गाव, पण आमच्यासाठी हे गाव म्हणजे जरा परीक्षाच आहे कारण सोनोरा भागाची शान म्हणजे गव्हाच्या टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, हाताएवढ्या लांब, आरपार दिसतील इतक्या पातळ. फादर किनो नावाचा जेझुइट मिशनरी सतराव्या शतकाच्या शेवटी इकडे आला आणि त्याच्याबरोबर गहू आला असं मानतात, आणि मग तो इथे असा काही रुजला की विचारू नका. खिडकीतून एक बाई हातांवरून टॉर्टिया फिरवत मोठी करत होती ते लेक बराच वेळ बघत उभी होती. मी काही बोलले नाही, बघू दे की.

पण गव्हाच्या आधीचं खाणं पण इथे जिवंत आहे आणि आम्ही त्यासाठीच आलो होतो. गावाबाहेर सान झेव्हियरचं पांढरं मिशन चर्च आहे, १७९७ मध्ये पूर्ण झालेलं, त्याच्याच जवळ तोहोनो ओ'ओधाम या इथल्या मूळ रहिवाशांची सहकारी शेती आहे, सान झेव्हियर को-ऑप फार्म. तिथे टेपरी बीन्स मिळतात, पांढरे आणि तपकिरी, चपटे, आपल्या चवळीपेक्षा बारीक. वाळवंटातलं पीक, पावसाळ्यातल्या चार सरींवर येणारं. सासूबाईंनी मूठभर हातात घेऊन दाण्यांवर अंगठा फिरवला, एक दाताखाली धरला आणि "भिजायला वेळ घेणार ही" असा निकाल दिला. मेस्कीटचं पीठ पण घेतलं. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं झाड, आमच्या कॉलनीत दर उन्हाळ्यात त्याच्या शेंगा गाड्यांवर पडून चिकट होतात आणि लोक शिव्या देतात, आणि इथले लोक त्याच शेंगा वाळवून दळून गोड पीठ करतात. गूळ जरा करपल्यावर येतो तसला वास. ग्लुटेन अजिबात नाही.

रात्री रूमवर टेपरीची उसळ. भिजवायला वेळ नव्हता म्हणून इन्स्टंट पॉटला दोनदा लावली, कांदा, लसूण, जिरं, आणि टूसॉनच्या दुकानातून घेतलेली चिल्टेपिन, ही मिरची मिरीच्या दाण्याएवढी असते पण एकच घालायची बरं का, नवऱ्याने तीन घातल्या. ज्वारीची भाकरी. टेपरी शिजून पण आख्खी राहते, गाळ होत नाही, आणि चव एकदम भरीव. सासूबाई दोनदा वाढून घेऊन म्हणाल्या मटकीत आणि हिच्यात फरक काय, मग पैसे इतके का लागले. बरोबर आहे त्यांचं, महाग आहेत.

शुक्रवार, रस्ता आणि पांढरी वाळू

टूसॉन ते लास क्रूसेस चार तास सरळ रस्ता, मध्ये टेक्सस कॅन्यनचे एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे धोंडे सोडले तर बघायला काही नाही. न्यू मेक्सिकोत शिरलं की घड्याळ एक तास पुढे, कारण ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ बदलतच नाही, त्यामुळे नवऱ्याला एकदम एक तास जास्त भूक लागली आणि रस्त्यातल्या एका गावात जे पहिलं मेक्सिकन हॉटेल दिसलं तिथे गाडी थांबली.

मेनूवर चिप्सच्या पुढे जी-एफ, म्हणजे ग्लुटेन-फ्री, असं हिरव्या अक्षरात छापलेलं. वेट्रेस पण म्हणाली, मक्याचे आहेत, काही काळजी करू नका. टोपली टेबलवर आली. आमचं टेबल किचनच्या दारासमोर, दार उघडंच, आणि सासूबाईंचं लक्ष कायम दुसऱ्याच्या गॅसकडे. त्या म्हणाल्या, "अगं तो बघ, त्याच कढईत ते पुरीसारखं फुगलेलं काढलं आणि त्यातच हे सोडले." सोपापिया. मैद्याच्या, उशीसारख्या फुगणाऱ्या, मधाबरोबर खातात. त्याच तेलात मक्याच्या चिप्स. लेकीने हात मागे घेतला, तिला आता सांगावं लागत नाही. मी वेट्रेसला बोलावून विचारलं तर ती खरंच गोंधळली, म्हणाली पण मका आहे ना तो. तिचा दोष नाही म्हणा, पण मग मेनूवर छापता कशाला. लेकीसाठी कूलरमधल्या टॉर्टिया, चीज आणि बटाटे गाडीत बसून, मी आणि नवऱ्याने आत खाल्लं, पण सासूबाईंनी आत काही खाल्लं नाही, नातीबरोबर गाडीतच बसल्या, वर नवऱ्याला ऐकवलं की घाई तुला असते.

तर सिलिॲकवाल्या कोणी वाचत असेल तर हे नीट ऐका, मका असला म्हणजे झालं असं नाही. चिप्स कुठल्या तेलात तळल्या. लाल किंवा हिरव्या चिलीच्या सॉसमध्ये मैदा परतून घातलाय का, कारण दाटपणासाठी बरेच लोक घालतात आणि प्रत्येक घराची पद्धत वेगळी, कुठे लाल साफ असते आणि हिरवीत मैदा, कुठे उलटं. टॉर्टिया नुसत्या मक्याच्या का त्यात गहू मिसळलाय. रेयेनो म्हणजे भरलेल्या मिरच्या, त्यांच्या वरच्या पिठात बहुतेक मैदा असतोच, तो नाद सोडायचा. मोले म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, त्यात कधी ब्रेड वाटून घालतात. "ग्लुटेन" शब्द वापरण्यापेक्षा सरळ "व्हीट फ्लॉर" विचारलेलं बरं, स्वैपाकघरातल्या माणसाला ते लगेच कळतं. आणि मला याच्याबरोबर लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, पण विचारायचं होतं सासूबाईंसाठी, म्हणजे आमची ऑर्डर द्यायला जेवायच्या दुप्पट वेळ.

संध्याकाळी व्हाइट सँड्स. जिप्समची वाळू, पांढरीशुभ्र, आणि गंमत म्हणजे उन्हात पण तापत नाही, अनवाणी चालता येतं. २०१९ च्या डिसेंबरात नॅशनल पार्क झालं. पोरं प्लॅस्टिकच्या बशीवर बसून टेकडीवरून घसरतात. सासूबाई पण घसरल्या, व्हिडिओ आहे, पण तो टाकायची परवानगी नाही.

शनिवार, हॅच

हाच दिवस खरा. लास क्रूसेसहून आय-२५ हायवेने उत्तरेला पाऊण तासावर हॅच, रिओ ग्रान्देच्या काठचं एवढंसं गाव, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सगळं गाव मिरचीचं होतं. लास क्रूसेसच्या युनिव्हर्सिटीतच फाबियान गार्सिया या माणसाने शंभर वर्षांपूर्वी मिरचीच्या जाती सुधारून न्यू मेक्सिको नंबर ९ काढली, आजची इथली लांब मिरची तिचीच वंशज, आणि तिथेच आता चिली पेपर इन्स्टिट्यूट आहे, नुसत्या मिरचीवर संशोधन करणारी. सासूबाईंना हे फार आवडलं. "मिरचीवर डॉक्टर होतात?"

दुकानांसमोर गोण्या रचलेल्या, साधारण पंचवीस-तीस पौंडांच्या, वर पाट्या माइल्ड, मीडियम, हॉट, एक्स्ट्रा हॉट. आपण गोणी निवडायची, माणूस ती जाळीच्या लोखंडी ड्रममध्ये ओततो, ड्रम आडवा, खाली गॅसच्या तोट्या, फुर्र करून निळ्या-पिवळ्या ज्वाळा, आणि तो ड्रम फिरवायला लागतो. आधी काही होत नाही, मिरच्या नुसत्या धबाधब आपटतात. मग चरचर सुरू होते, साली फुगतात, तडकतात, काळे डाग पडतात, जळालेल्या सालीचे कपटे जाळीतून उडून आपल्या केसांत, आणि मग तो वास. तिखट नाही, ठसका नाही लागत, जरा गोडसर धुराचा. पाच-सात मिनिटांत झालं, सगळ्या मिरच्या मरगळून ड्रमच्या तळाशी, त्या गरम गरम जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधून देतो. वाफेत घाम येऊ द्यायचा, मग भरताच्या वांग्यासारखी साल नुसती हाताने सुटते.

सासूबाई त्या ड्रमपासून हलायला तयार नाहीत. गोणी बदलली की पुढची बघायची. त्या माणसाला मराठीतच म्हणाल्या, "अरे जरा कमी भाज की, करपेल," आणि त्याने खरंच गॅस कमी केला, काय समजलं त्याला कोण जाणे. आम्ही एक गोणी हॉट आणि अर्धी मीडियम घेतली, कूलरवर बर्फ ओतला, तरी पुढचे दोन दिवस गाडीत तोच वास, आणि अजून आहे.

हिरवी आणि लाल या दोन वेगळ्या मिरच्या नाहीत बरं का. तीच मिरची झाडावर पिकली की लाल, मग ती वाळवून माळा करून दारात टांगतात, रिस्त्रा म्हणतात त्याला. हिरवी भाजून खायची, लाल वाळवून भिजवून वाटायची. आम्ही वाळलेल्या लाल मिरचीची पिशवी पण घेतली, पूड नाही घेतली. सुटी पूड असली की आत काय मिसळलंय ते मला कळत नाही, आख्खी मिरची ही आख्खी मिरची.

हॅचच्या पुढे अल्बुकर्कीपर्यंत तीन तास. (त्याच्या आधी लास क्रूसेसजवळ बॉर्डर पेट्रोलचं चेकपोस्ट लागलं होतं, पासपोर्ट हाताशी ठेवा, सासूबाईंचा सुटकेसच्या तळाशी होता.) रात्री दमून कोणाला बाहेर जायचं नव्हतं, रूमवर बटाटे, मका, पिंटो बीन्स आणि सकाळची हिरवी मिरची घालून स्ट्यू केला. खरा ग्रीन चिली स्ट्यू डुकराच्या मांसाचा असतो, आमचा श्रावणी. दाट व्हायला दोन बटाटे कुस्करले, मैद्याची गरजच काय. भुर्र भुर्र करत सगळ्यांनी दोन-दोन वाट्या प्यायला, लेकीने नाक पुसत पुसत तिसरी घेतली.

रविवार, लाल का हिरवी

सकाळी अल्बुकर्कीत नाश्ता. इथे प्रत्येक हॉटेलात विचारतात, "रेड ऑर ग्रीन?" आणि हा प्रश्न १९९६ पासून न्यू मेक्सिकोचा अधिकृत राज्यप्रश्न आहे, थट्टा नाही, विधिमंडळाने केलेला. दोन्ही हव्या असतील तर "ख्रिसमस" म्हणायचं. मी एका दमात माझे प्रश्न विचारले आणि पोऱ्या आत जाऊन विचारून आला: लाल चिलीत फक्त मिरची, लसूण, मीठ, ओरेगानो, पाणी. हिरवीत मैदा. चिप्सचा फ्रायर एकच, त्यामुळे चिप्स नको म्हणून त्यानेच सांगितलं. बीन्समध्ये लार्ड नाही. असा माणूस भेटला की मी टिप दुप्पट देते.

लेकीला निळ्या मक्याच्या एन्चिलाडा. न्यू मेक्सिकोत त्या गुंडाळत नाहीत, थर लावतात, टॉर्टिया, चीज, कांदा, वर लाल चिली, परत टॉर्टिया, आणि सगळ्यात वर तळलेलं अंडं, पिवळा बलक फुटून त्या लाल रश्श्यात उतरतो. टॉर्टिया राखाडी-निळी, जरा खरबरीत, पिवळ्या मक्यापेक्षा जास्त मक्याची लागते. सासूबाईंना तेच, अंड्याशिवाय, बरोबर कालाबासितास, म्हणजे कोवळा भोपळा, मक्याचे दाणे आणि हिरवी मिरची परतलेली, ती हॉटेलवाल्यांनी मैद्याचा हिरवा सॉस न टाकता नुसती मिरची घालून करून दिली. पहिल्यांदा असं झालं की टेबलवर तिघींच्या ताटात एकच जेवण. नवऱ्याने बरिटो मागवला आणि कोणी त्याच्याकडे बघितलं पण नाही.

मी लाल पार्टी. हिरवीचं सगळे फार कौतुक करतात, मला ती स्ट्यूमध्ये आवडते, पण लाल चिलीत जी खोली आहे, मातकट, जराशी कडवट, ती हिरवीत नाही. नवरा हिरवी पार्टी, घरात फूट.

सान्ता फे तासाभरावर, १६१० मधलं गाव, मातीच्या रंगाच्या भिंती, सुंदर आहे, मान्य, पण प्लाझाच्या आजूबाजूला सगळं इतकं महाग की आम्ही पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या पडवीत बसलेल्या प्वेब्लो, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, विक्रेत्यांकडून लेकीला छोटे कानातले घेतले आणि निघालो चिमायोला.

चिमायोत डोंगरांच्या मध्ये मातीचं छोटं देऊळ आहे, म्हणजे चर्च, सांतुआरियो, १८१६ मधलं. आतल्या एका खोलीत जमिनीत छोटा खड्डा आहे, त्यातली माती औषधी मानतात, लोक चिमूटभर नेतात. गुड फ्रायडेला हजारो लोक मैलोन्मैल चालत येतात इथे. सासूबाईंनी हे ऐकलं, काही विचारलं नाही, पदर डोक्यावर घेतला, वाकल्या आणि चिमूटभर माती रुमालाच्या टोकात बांधली. भिंतीला टेकून ठेवलेल्या कुबड्या बघून लेकीने विचारलं की माती खाल्ली की सिलिॲक जातं का. आज्जी म्हणाली खायची नसते गं, लावायची असते, आणि आत्ता भूक लागलीये का ते सांग.

चिमायोची मिरची वेगळी, हॅचसारखी लांब नाही, छोटी, वाकडी, घराघरांतून पिढ्यान्पिढ्या बी राखलेलं. पीक थोडं म्हणून भाव चढा. जवळच रांचो दे चिमायो म्हणून १९६५ पासूनचं हॉटेल आहे, २०१६ मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनने (हॉटेलांना पुरस्कार देणारी अमेरिकन संस्था) गौरवलेलं, तिथली कार्ने अदोवादा म्हणजे लाल चिलीत मुरवलेलं डुकराचं मांस प्रसिद्ध, नवऱ्याने ते खाल्लं आणि पुढचा तासभर कोणाशी बोलला नाही, यावेळी समाधानाने. आम्ही तिघींनी नाश्ताच उशिरा केला होता. ताओस राहिलं. पुढच्या वेळी.

सोमवार, परतीचा आय-४०

लांब दिवस, अल्बुकर्की ते घर सात-आठ तास. गॅलपच्या आसपास नॅव्हाहो या इथल्या मूळ रहिवाशांचे स्टॉल. एका आजींकडे निळ्या मक्याची गरम लापशी होती, जुनिपरच्या पानांची राख घालून शिजवलेली. राख कशाला तर त्याने निळा रंग उजळतो आणि कॅल्शियम मिळतं. पातेल्यात फक्त निळा मका, राख, पाणी, आणि पळी वेगळी, मी विचारलं, त्यांनी झाकण काढून दाखवलं. लेकीने साखर न घालता खाल्ली. शेजारी फ्राय ब्रेड, मैद्याची मोठी पुरी, तळत होत्या, तिचा वास सुटलेला, आणि ती बघून मला नेहमी जरा कसंतरी होतं, कारण ते नॅव्हाहोंचं जुनं खाणंच नाही. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांना त्यांच्या जमिनीवरून पायी हाकलत बॉस्के रेदोंदोच्या छावणीत नेऊन डांबलं, तिथे सरकारी रेशनमध्ये जे मैदा-चरबी मिळालं त्यातून ही पुरी झाली असं ते स्वतःच सांगतात. १८६८ मध्ये परत येऊ दिलं. मका त्यांचा, मैदा सरकारचा. नवऱ्याने एक खाल्ली, हात धुऊन मगच गाडीत बसायला दिलं त्याला.

पुढे होलब्रुक, पेसन, आणि रात्री घर. बेचाळीस डिग्री.

आठवडाभर, घरी

मिरच्या सोलायला शेजारणी आल्या. हातमोजे घाला, आणि डोळ्याला हात लावू नका, हे सांगून पण एकीने लावला. झिपलॉकमध्ये मूठ-मूठ भरून, सपाट करून, फ्रीझरमध्ये उभ्या, म्हणजे हवी तेवढी काढता येते.

लाल चिली अशी करते. दहा-बारा वाळलेल्या मिरच्यांचे देठ-बिया काढायच्या, तव्यावर जेमतेम वास येईपर्यंत शेकायच्या, काळ्या झाल्या तर फेकून द्या, कडू होतात. गरम पाण्यात अर्धा तास. लसणाच्या चार पाकळ्या, मीठ, ओरेगानो, ताजं पाणी, बारीक वाटून गाळणीतून दाबून काढायचं, सालीचा चोथा राहतो तो टाकायचा. थोड्या तेलावर मंद गॅसवर आटवत ठेवायचं, चमच्याच्या पाठीला धरलं की झालं. आटवायचा कंटाळा असेल तर मासा हरिनाचा (टॉर्टियाचं मक्याचं पीठ) एक चमचा पाण्यात कालवून लावा, मैदा नको.

टॉर्टियाचं सासूबाईंनी अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी इंडियन स्टोअरचं मक्याचं पीठ मळलं आणि थापताना कडा फाटायला लागल्या, दोष अर्थातच अमेरिकेच्या पाण्याला. मासा हरिना वेगळं असतं, मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, साल सुटते, मग दळतात. चुन्याने त्याला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) पण अंगी लागतं, हजारो वर्षांची युक्ती आहे. दोन वाट्या पिठाला दीड वाटी कोमट पाणी, मीठ, झाकून वीस मिनिटं. उकड काढायची गरज नाही. प्रेस आहे माझ्याकडे पण त्या वापरत नाहीत, प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांत धरून हातावर थापतात आणि तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायला जातात, हात आपोआप जातो, मी दरवेळी "आई पाणी नको" ओरडते. तरी फुगते त्यांची. माझी दहातली चार.

निळ्या पिठाची केली त्या दिवशी साताऱ्याला व्हिडिओ कॉल झाला, मावशींना ताट दाखवलं.

"अगं हे निळं काय?"

"मक्याची आहे. नाही गं, रंग नाही घातलेला, मकाच तसा."

"आणि वर लाल काय?"

"मिरची."

"नुसती मिरची? भाजी कुठेय?"

"हीच भाजी. खोबरं नाही, दाण्याचं कूट नाही, गूळ पण नाही. नुसती मिरची, पण तोंड भाजत नाही. तुला नाही कळायचं फोनवर." आणि मग माझ्याकडे वळून, "जाताना निळं पीठ दोन पाकिटं घेऊन ठेव माझ्या बॅगेत. श्रावण संपला की त्याला ते डुकराचं घाल करून, मला काही वास नाही येत, मी खोलीत बसेन."